दिवा गेला तेव्हा
(वस्तीतल्या बायकांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी इलेक्ट्रिशियन नाही. माझी सगळी नोकरी शिवणाच्या कारखान्यात गेली. तरी आज तुमच्यापुढे टेस्टर घेऊन उभी आहे, त्यामागे एक गोष्ट आहे.

1996 साल. मुलीला घेऊन मी सासर सोडलं होतं आणि एका वाड्यात मागची खोली भाड्याने घेतली होती. मुलीच्या सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री आमचा एकुलता एक दिवा फटकन गेला. शेजारी उजेड, आमच्याकडे अंधार. मी घरमालकांना हाक मारली. ते आले, स्टुलावर चढले, होल्डरमध्ये काहीतरी केलं, दिवा लागला. पाच मिनिटांचं काम. उतरताना म्हणाले, "घरात पुरुष माणूस नसलं की असं होतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात हजर, "लाइट ठीक आहे ना?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी दाराला आतून कडी लावून, दिवा मालवून बसले. म्हणजे दिवा दुरुस्त झाला आणि आम्ही मायलेकी पुन्हा अंधारातच!

पुढच्या वेळी दिवा गेला तेव्हा ठरवलं, कुणाला बोलवायचं नाही. बटण बंद केलं, लोखंडी खुर्चीवर चढले, बल्ब काढला आणि होल्डरमधली पीन बोटाने वर करायला गेले. असा झटका बसला की खुर्चीसकट खाली. बटण तर बंद होतं! मग करंट आला कुठून?

याचं उत्तर दिलं कारखान्यातल्या एका मैत्रिणीनं. तिनं आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला होता. ती म्हणाली, "अगं, तुझ्या खोलीचं बटण न्यूट्रलवर बसवलंय." दिव्याकडे दोन तारा जातात. एक फेज, तिच्यातून 230 व्होल्टचा दाब येतो. दुसरी न्यूट्रल, तिच्यातून वीज परत जाते. बटण फेजच्या तारेवर असायला हवं. ते न्यूट्रलवर असलं तरी दिवा बंद होतो, पण होल्डरमधली फेज जिवंतच राहते. बघणाऱ्याला काही कळत नाही. हात लावणाऱ्यालाच कळतं.

तर आता दिवा गेला की काय करायचं ते बघू. आधी दाराबाहेर बघा. सगळ्यांकडे अंधार असेल तर वाट पाहा. फक्त आपल्याकडे असेल तर घरातला दुसरा दिवा, पंखा लावून बघा. तेही बंद असतील तर फ्यूज किंवा एमसीबी पडली असेल. एमसीबी एकदा वर करून बघा. लगेच पुन्हा पडली तर हट्ट करू नका, ती काहीतरी सांगते आहे. आणि फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची आपल्याकडची जी खोड आहे ना, ती मोडा. फ्यूजची तार वितळावी म्हणूनच बारीक असते. ती वितळली नाही तर भिंतीतली वायर तापते.

एकच दिवा गेला असेल तर मेन स्विच बंद करा, बल्ब गार होऊ द्या, तो काढून दुसरीकडे चालणारा बल्ब इथे लावा, मग मेन चालू करा. निम्म्या वेळा गोष्ट इथेच संपते. जुनी ट्यूब नुसती लुकलुकत असेल, टोकं काळी पडली असतील, तर ट्यूब गेली. टोकं उजळतात पण मधे पेटत नाही, तर आधी स्टार्टर बदला. तो स्वस्त असतो. आजच्या एलईडी ट्यूबला स्टार्टर नसतो. ती गेली की बहुधा आतलं सर्किट गेलेलं असतं.

चांगला बल्बही लागला नाही, तर टेस्टर. आधी तो चालू सॉकेटमध्ये लावून बघा, कारण टेस्टरच बिघडलेला असेल तर तो अंधारात खोटं बोलेल. मग कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून, लाकडी स्टुलावर उभं राहून बघायचं. बटण चालू असताना होल्डरच्या एका पिनेवर टेस्टर लागायला हवा. कुठल्याच पिनेवर नाही लागला, तर बटण खराब किंवा तार सुटलेली. एका पिनेवर लागतो पण बल्ब पेटत नाही, तर पीन दबलेली, जळलेली, किंवा न्यूट्रल तुटलेली. आणि बटण बंद केल्यावरही टेस्टर लागला, तर माझ्या खोलीसारखं! तिथे काही करू नका, वायरमनला बोलवा. जळका वास, गरम बटण, ओली भिंत असेल तेव्हाही मेन बंद करून वायरमनच.

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "एवढी कामं करतो, आता हेही आमच्याच डोक्यावर?" बरोबर आहे त्यांचं. घरातल्या पुरुषानं स्टुलावर चढावं, मी अडवत नाही. पण ओल्या हातांनी मिक्सर, गिझर, इस्त्री कोण हाताळतं? झटका आपल्याला बसतो, मग त्याची माहिती दुसऱ्याकडेच का?

आमच्या वाड्यात मग आम्ही सात बिऱ्हाडांच्या बायकांनी सगळे होल्डर टेस्टरनं तपासले. चार खोल्यांत बटण न्यूट्रलवर! सगळ्यांनी सह्या करून घरमालकांना कागद दिला. आधी ते हसले. "बायकांना काय कळतंय फेज-न्यूट्रल?" मी टेस्टर त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं, "बटण बंद आहे, लावून बघा." पंधरा दिवसांत वायरमन आला. संध्याकाळी दारात येऊन चौकशी करणंही तेव्हापासून थांबलं.

एक राहिलं. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. माणसाला वाचवायला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. भाड्याच्या घरात ती आहे का, हे विचारायला शिका. आणि कुणाला करंट लागला तर त्या व्यक्तीला हात लावू नका, धावत जाऊन मेन बंद करा. आपल्या घरातलं मेन कुठे आहे, हे माहीत नाही अशा किती जणी आहेत इथे? हात वर करा. लाजू नका, मलाही माहीत नव्हतं.

बरं, या टेबलावर होल्डर, जळके स्टार्टर आणि सहा टेस्टर ठेवलेत. पहिली कोण येतेय?