दहानंतर कोणाचा आवाज?
(महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



लाउडस्पीकर हा बायांचा प्रश्न कसा, असं मघाशी एकीने मला विचारलं. तिला सांगितलं तेच इथे सांगते.

जानेवारी १९९८ मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. ती ओरडत होती, पण शेजारी लाउडस्पीकरवर गाणी चालू होती. कोणालाच ऐकू गेलं नाही. संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं आणि ती गेली. या घटनेवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. १८ जुलै २००५ ला तिचा निकाल लागला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच आले होते, या निकालाने त्यांना बळ मिळालं.

नियम काय आहेत? उघड्यावर स्पीकर लावायला लेखी परवानगी लागते, दिवसासुद्धा. रात्री १० ते सकाळी ६ बंदी. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल.

नियम आहेत, मग आपण गप्प का?

मी काम करते त्या वस्तीत एक ओली बाळंतीण होती. एवढीशी खोली, आणि बाहेर डीजेची भिंत. बाळ दचकून दचकून रडत होतं. रात्री साडेअकराला सासूने पोलीस चौकीत फोन केला. त्यांनी नाव-पत्ता विचारला, तिने सांगितला. अर्ध्या तासात मंडळाची पोरं दारात. "मावशी, आमची तक्रार करता काय?" आवाज तसाच राहिला. पुढे महिनाभर नळावर तिच्याशी कोणी बोलेना.

तिला कायदा माहीत नव्हता असं नाही. तिचं नाव फुटलं, हे तिचं दुखणं. म्हणून जानेवारी २०२५ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. तक्रार करणाऱ्याची ओळख न मागता पोलिसांनी कारवाई करावी, आणि ओळख कळलीच तर ती समोरच्याला सांगू नये, असं त्यात म्हटलं आहे. ११२ वर फोन करताना हे ठामपणे सांगा.

पण फोन ही शेवटची पायरी. सणाच्या पंधरा दिवस आधी दहा-बाराजणी मिळून मंडळाकडे जा. परवानगीचा कागद दाखवा म्हणा. स्पीकरचं तोंड कुठे असेल, तो कधी बंद होईल, ते ठरवून घ्या. वर्गणी आपल्याही घरातून जाते. एकटीला मावशी म्हणून दटावता येतं, बाराजणींना नाही.

आणि आपल्याही सभा दहाच्या आत संपल्या पाहिजेत. कोणाच्या तरी घरातली हाक आपल्या घोषणांत बुडू नये.