सातनंतरची मजुरी

दौंड तालुक्यातील भांडगाव पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. अशा हमरस्त्यावरील उपाहारगृहांत गर्दी होते ती सायंकाळी. शाळा सुटल्यावर मुलांस चार पैसे मिळविण्याची संधीही तेव्हाच. परंतु १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ ते १८ वर्षांच्या मुलांस सायंकाळी ७ पासून सकाळी ८ पर्यंत कामास लावता येत नाही. काम विश्रांतीसह ६ तासांचेच. तीन तासांनंतर तासभर विसावा, आठवड्यास सुटी, आणि जादा काम मुळीच नाही. मालकाने मुलाची जन्मतारीख व कामाचे तास नोंदवहीत लिहावयाचे असतात. ‘तात्पुरता पोऱ्या’ म्हणून ही नोंद टळली, तर मजुरी बुडाल्यावर त्याच्यापाशी पुरावा कोणता उरणार? तेव्हा रात्री चहा आणून देणाऱ्या मुलाचे वय सुजाण श्रोत्यांनी मालकास अवश्य विचारावे.