बमरोलीची पाटी आणि आपला पट

(सीमाभागातील शिक्षक-पालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी शाळेविषयी बोलावयाचे म्हणजे अन्यायाविषयी बोलावयाचे, असा आपल्या सीमाभागात परिपाठच पडून गेला आहे. तो अकारण पडलेला नाही. परंतु आज आम्ही वाट थोडी वाकडी करून आपणांस सुरतेच्या दक्षिण अंगास, बमरोलीच्या बाजूस नेणार आहोत. तेथे आपला दावा नाही, मोर्चा नाही. आणि तरीही त्या नगरात मराठी मुले सरकारी खर्चाने मराठीतून अक्षरे गिरवितात.

बमरोली हे मूळचे चौऱ्याशी तालुक्यातील गाव. या मुलखात जुन्या काळी शिक्षण म्हणजे धूळपाटी आणि पाढे. आपल्याकडे जो पंतोजी, तो तिकडे मेहताजी. छडी मात्र दोघांची एकच! सरकारी शाळा आल्या तेव्हा सुरतेस दुर्गाराम मेहताजींसारखा विचारी शिक्षक लाभला. त्याच काळात तेथील सरकारी इंग्रजी शाळेत शिकवीत होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते. या दोघांनी मित्रांसह १८४४ साली सुरतेत मानवधर्म सभा स्थापिली. ‘द’ अक्षराने नाव सुरू होणारी पाच माणसे त्यात पुढे होती, ही एक गंमत. मराठीचा व्याकरणकार आणि गुजरातीचा मेहताजी एका बैठकीवर बसून जातिभेदावर व अंधश्रद्धेवर बोलत होते. माझी भाषा की तुझी, हा तंटा तेथे नव्हता.

जवळच गायकवाडांचा नवसारी प्रांत होता. मालेगावाजवळील कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यास लागू केला. इंग्रजी अमलातील चौऱ्याशी तालुक्यास ते भाग्य नव्हते. गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयकही पुढील वर्षी फेटाळले गेले. १९२३ च्या मुंबई कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे आल्या; पुढे १९४७ चा कायदा झाला. येथे कान द्यावा. १९५६ पर्यंत सुरत आणि बेळगाव एकाच मुंबई राज्यात होती, याच कायद्याखाली होती. आपल्या वाटा नंतर फुटल्या.

बमरोलीचे रूप पालटले ते मागांनी आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी. शेजारीच उधना, आणि उधन्याहून लोहमार्ग निघतो तो नंदुरबार, अमळनेर करीत थेट जळगावास. त्या गाडीने खानदेश सुरतेस आला. २००१ साली सुमारे २४ लाखांचे हे नगर २०११ साली ४४ लाखांवर गेले. त्यात २००६ च्या हद्दवाढीचाही वाटा आहे. माणसे आधी आली, शाळा मागाहून आली. श्रमिक वस्तीचा इतिहास सर्वत्र असाच असतो. परंतु शाळा आली. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. घटनेच्या ३५० अ कलमाने १९५६ साली भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची जी सोय सांगितली, ती कागदावरून खाली उतरलेली पाहावयाची असेल तर तेथे पाहावी.

सर्व काही गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवीपर्यंत प्रत्येक शाळेत गुजराती सक्तीची झाली. राज्याची भाषा शिकणे यात आम्हांस गैर दिसत नाही. मजुराच्या मुलास तिच्यावाचून सुरतेत पाऊल टाकता येणार नाही. आमची हरकत असते ती दुसरी भाषा पहिलीच्या जागी बसविण्यास.

आणि एक अडचणीची गोष्ट. खानदेशातून तेथे गेलेल्या कित्येक घरांत बोलतात ती अहिराणी. त्या पोराच्या दृष्टीने शाळेतील पुस्तकी मराठीसुद्धा निम्मी परकीच! आपण कानडी सक्तीविरुद्ध मातृभाषेचा दाखला देतो, तोच दाखला त्या अहिराणी पोराने आपणांस दिला तर? गुरुजींनी पहिल्या इयत्तेत त्याच्या बोलीस हसू नये, तिच्याच आधाराने त्यास मराठीत आणावे, एवढे तरी आपण मान्य केले पाहिजे.

आता घरचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणात निर्णय दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा. राज्यास मातृभाषा लादता येणार नाही. म्हणजे मराठी शाळेचा दरवाजा उघडा ठेवणे सरकारचे काम असले, तरी त्यातून आत जाणे आपल्या हाती राहिले. गिरणीतील मजूर दोन पैसे जमताच पोरास इंग्रजी शाळेत घालतो, त्यास आम्ही दोष देत नाही. मराठीतून आठवी झाल्यावर पुढे काय, हा त्याचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्यापैकी कोणी त्यास दिलेले नाही. पण सभेत मराठीचा जयघोष करणाऱ्या आम्हां पुढाऱ्यांचे काय?

जूनमध्ये पहिलीचा पट भरेल. आज येथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी सहा वर्षांचे मूल आहे, त्यांनी त्याचे नाव कोणत्या शाळेत घातले हे सभा संपल्यावर आम्हांस येऊन सांगावे. आम्ही दाराशी उभे आहोत.