लाजेपायी गाठ लपवू नका
(गडचांदूर येथील बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही. बोलायचे आहे स्तनाच्या कॅन्सरवर. शब्द ऐकताच काही माना खाली गेल्या. आपले खरे दुखणे तिथेच आहे.

गुलाबी बोंडअळी आपण सगळे ओळखतो. बोंड वरून हिरवेगार, आत अळी सरकी खात असते. म्हणून जाणता शेतकरी बोंड फुटायची वाट पाहत नाही. हिरवी बोंडे फोडून बघतो. मग मायच्या छातीतल्या गाठीला आपण "वेचणी होऊ दे, मग पाहू" का म्हणतो? ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माय सांगत नाही. सांगते तेव्हा उशीर झालेला असतो.

ही लाज आजची नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी शेजारच्या गडचिरोलीतील दोन गावांत बाया तपासल्या आणि १९८९ साली निष्कर्ष छापले. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग होते. त्याआधी कधी तपासणी झाली होती फक्त आठ जणींची. तो अभ्यास कॅन्सरचा नव्हता. पण बाया किती मुकाट्याने सोसतात, हे त्याने दाखवले.

हे मुकेपण मोडायला मोठी यंत्रे लागत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षे झोपडपट्ट्यांतील दीड लाख बायांचा अभ्यास केला. निम्म्या बायांची तपासणी दहावी शिकलेल्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या बायांनी दर दोन वर्षांनी केली, नुसत्या हाताने. २०२१ साली निष्कर्ष आला. तपासलेल्या बायांत रोग लवकर सापडला. पन्नाशीपुढच्या बायांचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान बायांत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, म्हणून त्यांनी तर गाठ जाणवताच दाखवावी.

दहावी शिकलेल्या पोरी आता आपल्या गावोगाव आहेत. म्हणून आम्ही हे काम तरुणांवर टाकतो आहोत.

पोरींनो, आईला, काकूला, मोलाने येणाऱ्या मावशीला विचारा: छातीत किंवा काखेत गाठ आहे का? बोंडी आत ओढली गेली का? त्यातून रक्त येते का? कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडलेत का? बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही सांगा. पण ते ठरवायचे डॉक्टरने, शेजारणीने नव्हे.

पोरांनो, मोटारसायकल काढा आणि मायला दवाखान्यात न्या. सुई लावली की रोग पसरतो, हा गैरसमज आहे; तो शिवल्यानेही लागत नाही. तीस वर्षांपुढच्या बायांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताईला विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. बैलजोडी विकायच्या आधी रेशनकार्ड घेऊन योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गावच्या पोरापोरींनी उभे राहून एकच आकडा सांगायचा: किती बाया तपासून आल्या. नाव कोणाचेही घ्यायचे नाही. जी माय आपल्यासाठी जन्मभर कापूस वेचत आली, तिच्यासाठी वेचणीचा एक दिवस बुडाला तर बुडू द्या.