चाळिशीच्या उंबरठ्यावर धावताना

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



नाट्यगीते आणि बटाटेवडे यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत धावण्यावर बोलायला सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावणे हे तसे धाडसच आहे. माइकसमोर एकच जण उभा असला तरी भाषण आम्ही चौघांनी मिळून लिहिले आहे. त्यामुळे यापुढे ‘आम्ही’ असे ऐकू आले तर तो मोठेपणाचा ‘आम्ही’ नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

आम्ही चौघेही ऊद मेथात किंवा पलीकडे करामात राहणारे, इंजिनिअरिंग करून इकडे आलेले. वये छत्तीस ते एकोणचाळीस. मराठीत चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. आमच्यापैकी दोघांना चष्मा आधी लागला, वय मागाहून येते आहे.

धावायला लागलो त्याला सात वर्षे झाली. कारण काही उदात्त नव्हते. दिवसभर खुर्चीत बसून शर्टाची खालची दोन बटणे कुरकुर करू लागली होती, एवढेच. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारी असायची. २०२२ पासून ती शनिवार-रविवारी गेली, तसा आमचा मोठा फेराही शनिवारी गेला. मेट्रो स्टेशनच्या जिन्यापाशी जमायचे, इंडियन हायस्कूलवरून, इंडिया क्लबवरून वळसा घालून परत यायचे. २०१७ च्या आगीनंतर बंद पडलेला लॅम्सी प्लाझा ज्यांना आठवतो, त्यांना हा सगळा परिसर डोळे मिटूनही सापडेल. हिवाळ्यात संध्याकाळी कधी क्रीक पार्कला जायचे. पहिल्या महिन्यात दोन विजेच्या खांबांमधले अंतर धावलो की धाप लागायची.

मग जे होते ते झाले. मनगटावर घड्याळ आले, आणि घड्याळाबरोबर आकडे आले. आकडे दिसले की आमच्या जमातीला राहवत नाही. दहा किलोमीटरला सत्तर मिनिटे लागत होती ती साठ झाली, मग छप्पन. एक्सेलमध्ये आलेख काढला. आलेख खाली खाली जात होता आणि आम्ही वर वर.

दोन-तीन वर्षांपूर्वी तो आलेख उलटा फिरला. तेवढेच धावत होतो, उलट थोडे जास्तच, पण वेळ वाढू लागली. याचे कारण पुस्तकात आहे. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते. नेटाने व्यायाम करणाऱ्यांत ही घट निम्म्यावर येऊ शकते, पण थांबत नाही. हृदयाचे कमाल ठोकेही वयाबरोबर उतरतात. स्नायू कमी होऊ लागतात, टाचेमागची शीर ताठरते, आणि काल झालेली झीज भरून यायला एका रात्रीऐवजी दोन रात्री लागतात. हे सगळे आम्हाला माहीत होते. माहीत असणे आणि पटणे यात मात्र बरेच अंतर असते. आम्हाला वाटले, हा दोष आहे, आणि दोष दुरुस्त करायचा असतो. म्हणून जोर वाढवला. एकाची टाच गेली, एकाचा गुडघा सुजला. मे ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की घाम सुकतच नाही. घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी भलतीच चढते. त्याही दिवसांत आम्ही घड्याळाशी भांडत होतो.

आता जे सांगायचे आहे ते आमच्यातल्या एकाचे आहे. तो इथे दुसऱ्या रांगेत बसला आहे आणि हा भाग त्याने स्वतः दोनदा तपासला आहे.

गेल्या वर्षी धावताना पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या छातीत आवळल्यासारखे होऊ लागले. थांबला की बरे वाटायचे. कधी डावा जबडा दुखायचा. तो म्हणाला, पित्त असेल. आम्ही म्हणालो, काल रात्री मिसळ खायला कुणी सांगितली होती? असे तीन आठवडे चालले. त्याला मागे सोडून आम्ही पुढे जायचो आणि स्टेशनापाशी त्याची वाट पाहत घड्याळ दाखवायचो. चौथ्या शनिवारी तो आला तो जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसला. थंड घाम, चेहरा राखेसारखा. ९९८ ला फोन केला, रुग्णवाहिका लवकर आली, हे आमचे नशीब. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. त्याच दिवशी स्टेंट बसवला. वय अडतीस.

दवाखान्याच्या मार्गिकेत वहिनींनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. “तुम्ही तिघे रोज बरोबर होतात ना?”

आम्ही होतो. तीन आठवडे बरोबर होतो.

त्यानंतर आम्ही जे वाचले ते आधी वाचायला हवे होते. ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यात पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मध्यम वय दक्षिण आशियात ५३ निघाले, इतर देशांत ५९ च्या आसपास. म्हणजे आपली मंडळी पाच-सहा वर्षे आधीच रांगेत उभी असतात. धावतो म्हणजे आपण सुरक्षित, हा समजही खोटा. धावण्यावर गाजलेले पुस्तक लिहिणारे अमेरिकेतले जिम फिक्स १९८४ साली धावतानाच गेले, वयाच्या ५२ व्या वर्षी. त्यांच्या वडिलांना पस्तिशीतच झटका आला होता. आमच्या मित्राच्या वडिलांनाही चाळिशीत आला होता. सात वर्षांत आम्ही एकमेकांच्या बुटांचे नंबर विचारले होते, हे विचारले नव्हते.

मग धावणे सोडायचे का? घरच्यांचे, विशेषतः गावाकडून फोनवर आयांचे मत स्पष्ट होते. आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, चौघांची तपासणी करा, ताण चाचणी करा, आणि मग धावा, पण शर्यत बंद. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशीपुढच्या धावणाऱ्यांना आणि न धावणाऱ्यांना वीसेक वर्षे लक्षात ठेवले होते. एकोणीस वर्षांनी धावणाऱ्यांपैकी १५ टक्के गेले होते, न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के. उठणे-बसणे, चालणे, वस्तू उचलणे यांतल्या अडचणीही धावणाऱ्यांना बऱ्याच उशिरा आल्या. आणि गुडघ्यांचे म्हणाल, तर त्यांचे गुडघे इतरांपेक्षा जास्त झिजलेले आढळले नाहीत. हे वाक्य खास आमच्या सासूबाईंसाठी.

आता आमचे धावणे बदलले आहे. वेग ठरतो तो अथर्वशीर्षावर. धावता धावता ते म्हणता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की पाय आखडते घ्यायचे. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि वजने, कारण स्नायू टिकले तरच सांधे टिकतात. उन्हाळ्यात यंत्राच्या पट्ट्यावर, नाहीतर मॉलमध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये दुबईतले मॉल सकाळी चालणाऱ्या-धावणाऱ्यांसाठी खुले केले होते, तेव्हा दुकानांच्या बंद शटरांसमोरून धावताना मजा आली. आमच्या कामात सर्व्हर किती वेगवान आहे यापेक्षा वर्षभरात तो किती वेळ बंद पडला हे आधी विचारतात. हे नऊ ते सहा आम्हाला पाठ होते, पहाटे साडेपाचला सुचत नव्हते.

पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी पन्नाशीत, नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात, सलग साठ दिवस रोज एक मॅरेथॉन धावून विक्रम केला. ते आम्हाला झेपणारे नाही आणि तसे करावे असेही नाही. पण रोज उठून पुन्हा धावता यायला हवे असेल तर आज किती राखून धावावे लागत असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो. आणि बारामतीकडच्या लता करे आपल्याला ठाऊक आहेतच. साठी ओलांडलेल्या या बाई पतीच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला. त्या धावल्या ते कौतुकाचेच, पण तपासणीच्या पैशासाठी कुणाला धावावे लागू नये, यासाठीच आजचा हा कार्यक्रम आहे.

त्यावरून शेवटची गोष्ट. मंडळाचा यंदाचा निधी हृदयविकाराच्या उपचारांसाठी परवानाधारक संस्थेकडे जाणार हे ठरले, तेव्हा आपल्यातल्याच एका काकांनी आम्हाला आव्हान दिले. दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत धावा, मी हजार दिरहम देतो. सात वर्षांपूर्वी आम्ही उड्या मारल्या असत्या. या वेळी विनंती केली की काका, वेळेवर देऊ नका, दिवसांवर द्या. कुणीही पहाटे उठून आला, धावला किंवा नुसता चालला, की त्याच्या नावे दहा दिरहम.

काकांनी चष्मा काढला. म्हणाले, “म्हणजे तुम्ही हळू धावणार आणि पैसे मी जास्त देणार?”

हो काका. ऑक्टोबरपासून आजवर आमचे १३७ दिवस भरले आहेत. त्यांतले २९ नुसते चालण्याचे, आणि त्या सगळ्या दिवशी दुसऱ्या रांगेतला आमचा मित्र मधोमध होता.

ज्यांना यायचे आहे त्यांनी शनिवारी पहाटे साडेपाचला मेट्रोच्या जिन्यापाशी यावे. छातीत, जबड्यात, हातात काही होत असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे, मग आमच्याकडे. बूट साधे चालतील. नंतर चहा असतो. त्याचे पैसे सगळ्यांत आधी परत पोचणारा देतो.