मेझुझा : ज्यू घराच्या चौकटीवरचा लेख

ज्यू घराच्या दाराच्या चौकटीवर, आत जाताना उजव्या हाताला, बोटाएवढी एक नळी ठोकलेली असते. ती लाकडाची, चांदीची किंवा साध्या पत्र्याचीही चालते. धर्मशास्त्राला महत्त्व आहे ते तिच्या आतल्या चर्मपत्राचे. त्यावर बायबलातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या व अकराव्या अध्यायांतील दोन उतारे हिब्रूत लिहिलेले असतात : ओळी २२, अक्षरे ७१३. ईश्वर एकच आहे ही घोषणा त्यांत आहे आणि ही वचने दाराच्या चौकटीवर लिहावीत ही आज्ञाही त्यांतच आहे.

हे लेखन ‘सोफेर’ नावाचा प्रशिक्षित लेखक करतो. खाण्यास विहित असलेल्या प्राण्याचेच कातडे लागते. शाईत मायफळ, हिराकस आणि डिंक असतो. लेखणी पिसाची किंवा बोरूची. ओळी शाईने न आखता टोकदार हत्याराने कोरून घेतात. एक अक्षर दुसऱ्याला चिकटता कामा नये, प्रत्येकाभोवती कोरे चर्मपत्र दिसले पाहिजे. ‘शिन’, ‘गिमेल’ अशा सात अक्षरांवर तीन-तीन बारीक शिरोरेघा येतात. एखादे अक्षर संशयास्पद वाटले, तर अक्षरओळख असलेल्या पण मजकूर न कळणाऱ्या लहान मुलाला ते वाचायला देतात. मुलाचे वाचन प्रमाण धरणारा हा नियम फार सुंदर आहे. सर्वांत कठोर अट अक्षरे क्रमानेच लिहिण्याची. सुटलेले अक्षर मागाहून घालता येत नाही. शेवटच्या ओळीवर चूक ध्यानात आली तरी सारा लेख बाद होतो.

शाई वाळल्यावर पत्र डावीकडून गुंडाळतात. मागच्या बाजूस ‘शद्दाय’ हे ईश्वरनाम असते. आशीर्वचन उच्चारून मेझुझा चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या तळाशी बसवतात. तो उभा असावा हे ‘राशी’ या ज्यू भाष्यकाराचे मत, आडवा असावा हे त्याचा नातू रब्बेनू ताम याचे. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या) घरांत मधला मार्ग म्हणून तो तिरका दिसतो; सेफार्दी (स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेच्या) घरांत उभा.

मेझुझा घराचे रक्षण करतो ही श्रद्धा जुनी आहे. बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मायमोनिडीसने मात्र त्यात देवदूतांची नावे घालणाऱ्यांवर कडक टीका केली : ईश्वराच्या एकत्वाची आज्ञा ते स्वतःच्या लाभाचा ताईत करून टाकतात. त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे. येता-जाता माणसाला आठवण व्हावी, हाच या लेखाचा उपयोग.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे दीर्घकाळ हिब्रू ग्रंथ नव्हते. पण मेझुझाची सुरुवात ज्याने होते ते ‘शेमा’ वचन त्यांच्या मुखी टिकून राहिले. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. आज अलिबाग, मुंबई, ठाणे येथील त्यांच्या दारांवर मेझुझा दिसतो.

दमट हवेत शाई उडते, कातडे आखडते. म्हणून घरचा मेझुझा सात वर्षांत दोनदा उघडून तपासावा असा नियम आहे. बाद झालेला लेख ईश्वरनामामुळे फेकता येत नाही. तो ‘गेनिझा’त, म्हणजे जीर्ण पवित्र लेखांच्या साठ्यात, जमा करतात आणि पुढे दफनभूमीत पुरतात.