दाखल्यांतील नावे आणि मुलाचे नागरिकत्व



शाळेच्या जनरल रजिस्टरात आपण मुलाचे नाव लिहितो, तेव्हा ते हजेरीपुरतेच आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुढे नागरिकत्वाचा प्रश्न निघाला म्हणजे हेच रजिस्टर पुराव्यासाठी उघडले जाते, आणि मग एकेका काना-मात्रेला किंमत येते.

कायदा थोडक्यात सांगतो. नागरिकत्वाचा अधिनियम १९५५ चा आहे. १ जुलै १९८७ पूर्वी, प्रजासत्ताकाच्या काळात, येथे जन्मलेल्यास सामान्यतः जन्मच पुरेसा होता. त्या दिवसापासून आईबापांपैकी एकाचे तरी नागरिकत्व पाहिले जाऊ लागले. ३ डिसेंबर २००४ पासून अट अशी की, दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदेशीरपणे आलेला नसावा. आज आपल्या वर्गात बसणारी, येथे जन्मलेली सर्व मुले या शेवटच्या अटीखाली येतात. म्हणून मुलाच्या नावाइतकेच महत्त्व त्याच्या आईबापांच्या नावांना आहे. आणि नेमकी तीच आपण घाईने लिहितो.

कोकणातील कित्येक गावांतून माणसे आखाती देशांत कामाला जातात. तेथे जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत करावी लागते. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. आता अडचण पाहा. अरबी लिपीत ‘प’ नाही. तेव्हा अरबी कागदावरून नाव इंग्रजीत आले, तर ‘पारकर’चा ‘बारकर’ होऊ शकतो. आईच्या पासपोर्टावर माहेरचे नाव, विवाहाच्या दाखल्यावर सासरचे. बाप कागदावर ‘गणपत’, गावात ‘गणपतराव’, आणि आपण गावाला अनुसरून लिहिलेले! अधिकारी विचारतो, ही माणसे तीच कशावरून? त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तो त्यांना ओळखत नाही. ओळखतो ते आपण.

अशा वेळी पालक आपल्याकडे येतात आणि म्हणतात, “गुरुजी, दाखला तेवढा जुळवून द्या.” हे कदापि करू नये. रजिस्टर एक सांगते आणि दाखला दुसरे, असे आढळले की मुलाचे खरे कागदही संशयात सापडतात. जो कागद चुकला असेल तो ज्याने दिला त्याच्याकडूनच दुरुस्त व्हावा. परदेशचा दाखला परदेशच्या कचेरीत. येथील जन्मनोंद येथील निबंधकाकडे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाने निबंधकासही मूळ नोंद खोडू दिलेली नाही. तो दुरुस्ती समासात लिहितो, खाली सही व तारीख घालतो. आपणही शिक्षण खात्याच्या लेखी मंजुरीवाचून रजिस्टराला हात लावू नये.

चूक वेगळी आणि बदल वेगळा. ‘सुनीता’चे ‘सुनिता’ झाले ही चूक. तिला जुना कागद दाखवावा. लग्नानंतर सुनीताची ‘स्मिता’ झाली हा बदल. त्यास राजपत्राची प्रसिद्धी वा तसाच अधिकृत पुरावा हवा. ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र पुष्कळजण करतात. ते सोबत जोडण्यास चांगले, परंतु त्याने मूळ कागद सुधारत नाही. अर्जात दुसरे नाव लपवू नये; ते स्पष्ट लिहून त्याचे कारण द्यावे.

१ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. ती मुले २०३० च्या सुमारास आपल्या पहिलीत येतील. थोरल्या भावाचे नाव एका रीतीचे व धाकट्याचे दुसऱ्या, असे दिसेल. ती तफावत समजू नये, व ‘सारखे’ करण्याच्या भरीस पडू नये.

राहिला प्रश्न इंग्रजी स्पेलिंगचा. ‘ज्ञानेश्वर’ कोणी ‘डी’ने लिहितो, कोणी ‘जे’ने. आपण आपल्या मते शुद्ध काय ते ठरवू नये. प्रवेशाच्या दिवशी जन्मदाखला समोर ठेवून तीन्ही नावे पालकास मोठ्याने वाचून दाखवावीत, दाखल्यावरचे स्पेलिंग तसेच्या तसे उतरवावे आणि शेजारी त्यांची सही घ्यावी. अंगठा असल्यास साक्षीदाराचीही.